टाळ्या पडल्या, तिथेच घोळ झाला

वीस हजार नोटा जळायला वेळ लागतो. २३ ऑगस्ट १९९४ रोजी मध्यरात्र उलटल्यावर, स्कॉटलंडच्या पश्चिमेला जुरा नावाच्या बेटावर, होड्या ठेवायच्या एका पडीक घरात दोन माणसं पन्नास पौंडांच्या नोटा विस्तवात टाकत होती. एकूण रक्कम दहा लाख पौंड, त्या वेळच्या दराने पावणेपाच कोटी रुपयांच्या आसपास. पैसा चोरीचा नव्हता, काळा नव्हता, कुणाचा बुडवलेलाही नव्हता. गाणी विकून मिळवलेला होता. माणसांची नावं बिल ड्रमंड आणि जिमी कॉटी, त्यांच्या बँडचं नाव केएलएफ. तीनच वर्षांपूर्वी, १९९१ मध्ये, सिंगल्सच्या विक्रीत ब्रिटनमध्ये त्यांच्या पुढे कुणी नव्हतं.

या आगीबद्दल लिहिणारे बहुतेक जण ‘वेडेपणा’ म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. या दोघांना इथवर यायला साडेसात वर्षं लागली आणि वाटेतली प्रत्येक पायरी त्यांनी जाणूनबुजून चढली. तो सगळा घटनाक्रम तारीखवार, आणि दोन रात्रींपुरता घड्याळाकडे बघत मांडला, की वेगळंच काहीतरी दिसतं. यांना दर वेळी असं काहीतरी करायचं होतं ज्याला टाळ्या पडणार नाहीत. आणि दर वेळी टाळ्या पडत गेल्या.

१ जानेवारी १९८७

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी ड्रमंडने कॉटीला फोन केला. आपण हिपहॉपची रेकॉर्ड काढू या, म्हणाला. दोघंही गोरे, दोघंही तिशीत, न्यूयॉर्कच्या गल्ल्यांशी दोघांचाही संबंध नाही.

ड्रमंड स्कॉटिश पाद्र्याचा मुलगा. लिव्हरपूलमध्ये त्याने नाटकांचे सेट बांधले, ‘बिग इन जपान’ या बँडमध्ये गिटार वाजवली, झू रेकॉर्ड्स ही छोटी कंपनी काढली, ‘एको अँड द बनीमेन’चा मॅनेजर झाला. शेवटी एका बड्या रेकॉर्ड कंपनीत नवे कलाकार हेरायची नोकरी धरली. १९८६ मध्ये ती सोडताना कारण काय दिलं, तर आपल्याला लवकरच तेहेतीस पूर्णांक एक तृतीयांश वर्षं पूर्ण होतील. एलपी मिनिटाला तेवढेच फेरे घेते. हा माणूस गंमतसुद्धा हिशेब करून करतो, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

कॉटी मुळात चित्रकार. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वरचं त्याने सतराव्या वर्षी काढलेलं पोस्टर इंग्लंडमधल्या असंख्य पोरांच्या खोल्यांत लागलेलं होतं. पुढे तो ‘ब्रिलियंट’ नावाच्या बँडमध्ये गेला. त्या बँडला करारबद्ध करणारा अधिकारी म्हणजे खुद्द ड्रमंड. भरपूर पैसा ओतूनही बँड चालला नाही. धंदा आतून कसा असतो, हे दोघांनाही पुरतं कळलेलं होतं.

सामान अगदी तुटपुंजं. ॲपल-२ संगणकात बसवलेलं ग्रीनगेट नावाचं सॅम्पलिंग कार्ड आणि रोलँडचं टीआर-८०८ हे तालाचं यंत्र. दुसऱ्याच्या रेकॉर्डमधला तुकडा उचलायचा, कापायचा, तालावर बसवायचा आणि वर ड्रमंडने स्कॉटिश हेलात ओरडायचं. नाव घेतलं ‘द जस्टिफाइड एन्शंट्स ऑफ मू मू’. रॉबर्ट शे आणि रॉबर्ट अँटन विल्सन यांच्या ‘इल्युमिनेटस!’ या कादंबरीत्रयीत गोंधळ माजवण्याचं व्रत घेतलेला एक पंथ आहे, त्याचं हे नाव. १९७६ मध्ये लिव्हरपूलला या कादंबऱ्यांवर नाटक झालं तेव्हा सेट ड्रमंडने बांधला होता. त्या पुस्तकांत २३ हा आकडा जिथे तिथे डोकावतो. इथून पुढच्या तारखाही बघत चला.

१९८७ चा उन्हाळा

पहिल्या अल्बममध्ये त्यांनी ॲबा या स्वीडिश बँडच्या ‘डान्सिंग क्वीन’चा भला मोठा लचका तोडून वापरला. परवानगी वगैरे भानगडच नाही. हक्क सांभाळणाऱ्या संस्थेने उरलेल्या सगळ्या प्रती नष्ट करायला सांगितलं. दुसऱ्या कुणी वकील गाठला असता. हे दोघं एका पत्रकाराला बरोबर घेऊन कॉटीच्या जुन्या अमेरिकन पोलिसगाडीतून ॲबाला समजावायला स्वीडनला निघाले.

ॲबा भेटले नाहीत. भेट म्हणून नेलेली सोनेरी तबकडी त्यांनी स्टॉकहोमच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या एका वेश्येला देऊन टाकली. मग एका शेतात अल्बमच्या प्रती पेटवल्या. शेतकऱ्याने धूर पाहिला आणि बंदूक घेऊन आला. उरलेल्या प्रती परतीच्या बोटीवरून उत्तर समुद्रात गेल्या.

त्यांनी स्वतःचा माल जाळण्याची ही पहिली वेळ. म्हणजे दुकान उघडून वर्षही झालं नव्हतं. पुढे त्यांनी त्याच अल्बमची कायद्यात बसणारी आवृत्ती काढली. आक्षेपार्ह तुकडे काढून तिथे नुसती शांतता ठेवली आणि कोणत्या जागी घरातली कोणती जुनी रेकॉर्ड लावली की मूळ गाणं जुळून येईल, याच्या सूचना सोबत छापल्या. मला त्यांच्या सगळ्या करामतींत ही सर्वांत हुशार वाटते.

१९८८ ते १९९१

हा चढणीचा भाग भराभर उरकतो, कारण तो त्यांनीही भराभरच उरकला. मे १९८८ मध्ये ‘द टाइमलॉर्ड्स’ या नावाने ‘डॉक्टर हू’ मालिकेच्या धूनवर बेतलेलं एक बाष्कळ गाणं काढलं, ते जूनमध्ये पहिल्या क्रमांकावर. लगेच पहिल्या क्रमांकाचं गाणं कसं करावं याचं पुस्तक लिहून विकलं. नंतर नाव केएलएफ. ‘व्हॉट टाइम इज लव्ह?’ पाचवं, ‘३ ए.एम. इटर्नल’ १९९१ च्या सुरुवातीला पहिलं, ‘लास्ट ट्रेन टू ट्रान्सेंट्रल’ दुसरं, ‘द व्हाइट रूम’ हा अल्बम तिसरा. वर्षअखेरीस अमेरिकेतली कंट्री गायिका टॅमी विनेट हिच्या आवाजात ‘जस्टिफाइड अँड एन्शंट’. तेही दुसरं. रेकॉर्ड कंपनी त्यांची स्वतःचीच, त्यामुळे वरकड खाणारं मध्ये कुणी नाही.

मात्र या धावपळीत एक काम असं झालं, ज्यासाठी थांबायलाच हवं. फेब्रुवारी १९९० मध्ये ‘चिल आउट’ आला. चव्वेचाळीस मिनिटांची सलग रेकॉर्ड. टेक्सासहून लुईझियानाकडे रात्रभर चाललेला प्रवास नुसत्या आवाजांत. आगगाडीची धडधड, रेडिओवरून पुसट ऐकू येणारा एल्विस, मेंढ्यांचं बेंबाटणं, प्रवचनकाराचा चढा सूर, मंगोलियाकडचं कंठगायन आणि त्याखाली सिंथेसायझरचा लांबच लांब स्वर. ताल जवळपास नाहीच. लंडनमधल्या स्टॉकवेल भागातल्या ज्या घरात कॉटी राहायचा, त्यालाच ट्रान्सेंट्रल म्हणायचे. तिथे टेपयंत्रं एकमेकांना जोडून हा प्रवास एका दमात वाजवला आणि टिपला. मध्ये चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून. ड्रमंडने तो मुलूख तोवर पाहिलेलाही नव्हता. अँबियंट नावाचा प्रकार नाचून दमलेल्या पोरांपर्यंत पोहोचला, त्यात या रेकॉर्डचा वाटा मोठा आहे. मुखपृष्ठावर काय, तर हिरव्या कुरणात बसलेल्या मेंढ्या. त्या मेंढ्या पुढे पुन्हा येणार आहेत, वेगळ्या अवस्थेत.

जून १९९१ मध्ये त्यांनी देशोदेशींच्या पत्रकारांना जुरावर नेलं. सगळ्यांना पिवळे झगे घातले, ड्रमंडने कुणालाही न कळणाऱ्या भाषेत प्रवचन दिलं आणि साठेक फूट उंच वेताचा पुतळा पेटवला. पत्रकार खूश होऊन परतले. प्रसिद्धी झकास झाली. इथवर जे जे जाळलं, त्याने विक्री वाढली.

१२ फेब्रुवारी १९९२, सकाळ

ब्रिट अवॉर्ड्स, म्हणजे ब्रिटिश संगीतधंद्याचा वार्षिक लग्नसोहळा. त्या रात्रीचा कार्यक्रम लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमध्ये. सुरुवात केएलएफने करायची असं ठरलेलं.

टॅमी विनेटला आणतील, नर्तक आणतील, बर्फाचा डोंगर उभा करतील, अशी लोकांची अटकळ. त्यांनी आणायचं ठरवलं ‘एक्स्ट्रीम नॉइज टेरर’ला. ही इप्सविचची ग्राइंडकोअर मंडळी. गाणी छोटी, ढोल बंदुकीच्या फैरीसारखे आणि दोन गायक एकाच वेळी घशाच्या चिंध्या होईतो ओरडणारे. ड्रमंडने त्यांना जॉन पीलच्या रेडिओ कार्यक्रमात ऐकलं होतं. दोन्ही बँडनी मिळून ‘३ ए.एम. इटर्नल’ची एक भयंकर आवृत्ती केली होती. १९९१ च्या नाताळात ती ‘टॉप ऑफ द पॉप्स’मध्ये वाजवायची होती, पण बीबीसीने नको म्हटलं. एकत्र एक संपूर्ण अल्बमही चालला होता. ‘व्हाइट रूम’ झाली, आता ‘ब्लॅक रूम’.

पण गाणं हा त्या रात्रीच्या बेताचा सगळ्यांत सौम्य भाग होता. सकाळी कत्तलखान्यातून मेलेली मेंढी आणि बादल्या भरतील एवढं रक्त आणलं गेलं. मंचावर मेंढी फाडायची आणि रक्त पहिल्या रांगांवर उडवायचं. पहिल्या रांगांत कोण बसतं? रेकॉर्ड कंपन्यांचे साहेब.

त्याहून आधीचा बेत ड्रमंडने पुढे मुलाखतींत सांगितला. खाटकाच्या सुऱ्याने स्वतःचा हात मनगटापासून तोडायचा आणि प्रेक्षकांत भिरकावायचा. आयर्लंडमध्ये अल्स्टरची एक दंतकथा आहे. ज्याचा हात किनाऱ्याला आधी लागेल त्याचं राज्य, अशी होड्यांची शर्यत लागते. मागे पडलेला एक जण आपला हात तोडून किनाऱ्यावर फेकतो आणि राजा होतो. ड्रमंडच्या मनात हीच गोष्ट होती की काय, सांगता येत नाही. पण असा बेत करणाऱ्या माणसाच्या घरच्यांनी त्या आठवड्यात काय काढलं असेल, याची कल्पना करून बघा.

१२ फेब्रुवारी, दुपार

हात राहिला. रक्ताची कुणकुण मात्र लागली आणि बीबीसीचे वकील आडवे आले. त्यांचं एक वेळ समजू शकतं. खरा मोडता घातला तो एक्स्ट्रीम नॉइज टेररने. ही घसाफोड पोरं शाकाहारी निघाली, आणि शाकाहारी म्हणजे तत्त्वाची. मेलेल्या जनावराची विटंबना करणार असाल तर आम्ही वाजवणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. इंग्लंडमधला सगळ्यांत कर्कश बँड मेंढीच्या बाजूने उभा राहिला.

मेंढी व्हॅनमध्येच राहिली. हाताशी उरलं गाणं, एक कुबडी आणि एक बंदूक.

१२ फेब्रुवारी, संध्याकाळ : पहिलीच काही मिनिटं

पडदा उघडतो. ड्रमंड स्कॉटिश किल्ट नेसून, लंगडत, कुबडीच्या आधाराने माइकपाशी येतो. मागून जे सुटतं ते नाचाचं गाणं नव्हेच. ‘३ ए.एम. इटर्नल’च्या त्या ओळखीच्या ओळी आता दुपटीच्या वेगाने, गिटारींच्या भिंतीआडून किंचाळत येतात. संध्याकाळच्या पोशाखात, टेबलांवर वाइनचे ग्लास मांडून बसलेला तो समाज. सभागृहात क्वीन या बँडचे ब्रायन मे आणि रॉजर टेलर होते. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी याला जाऊन तीन महिनेही झाले नव्हते आणि त्याला मरणोत्तर सन्मान द्यायचा होता. शास्त्रीय संगीताच्या पारितोषिकासाठी सर जॉर्ज शोल्टी आले होते. ते वैतागून उठून गेले, असं सांगतात. ‘ओथेल्लो’चं ध्वनिमुद्रण करून आलेल्या ऐंशीच्या घरातल्या वाद्यवृंद-संचालकाने यापेक्षा वेगळं काय करावं?

गाणं संपत आलं तशी ड्रमंडने तोंडात सिगार धरून स्वयंचलित बंदूक उचलली आणि प्रेक्षकांच्या डोक्यांवरून फैरी झाडल्या. काडतुसं पोकळ होती, पण नेम पाहुण्यांवर होता. मंडळी मंचावरून उतरली आणि ध्वनिक्षेपकावर त्यांचा प्रचारक स्कॉट पियरिंग याचा धीरगंभीर आवाज आला. केएलएफ आता संगीताच्या धंद्यातून बाहेर पडले आहेत, अशी घोषणा.

पाच वर्षांची कमाई, पहिल्या क्रमांकाची गाणी, स्वतःची कंपनी, हे सगळं त्या एका वाक्यात संपवलं. निदान त्यांचा इरादा तरी तसा होता.

त्यानंतरचा तास

लोक हसले, आणि टाळ्या वाजवल्या.

इथेच घोळ झाला. संगीतधंद्याचं हे एक अजब अंग आहे. त्याच्या तोंडावर थुंकलात तर तो ‘वा, काय धाडस!’ म्हणतो आणि थुंकीचेही हक्क विकत घ्यायला येतो. कार्यक्रमाशी संबंधित असलेल्या जोनाथन किंगने केएलएफच्या सादरीकरणाची जाहीर पाठराखण केली. ज्यांना हादरवायचं होतं त्यांच्याच पंगतीतून शाबासकी आली. सगळ्या प्रकरणात हेच सर्वांत जिव्हारी लागलं, असं पुढे केएलएफच्या गोटातून सांगितलं गेलं. बंदुकीचा नेम चुकला नव्हता. समोरच्यांना गोळी लागायची सोयच नव्हती.

आणि मग कळस. सर्वोत्कृष्ट ब्रिटिश बँडचं पारितोषिक जाहीर झालं, केएलएफ आणि सिम्पली रेड यांना विभागून. सिम्पली रेड म्हणजे तेव्हाचं सगळ्यांत सुबक, सगळ्यांत निरुपद्रवी नाव. बँड हजर नव्हता. त्यांच्या वतीने पारितोषिकाची बाहुली घ्यायला मोटरसायकलवरचा एक कुरियर आला, त्याला आयोजकांनी ती घेऊ दिली नाही. पुढच्या वर्षी ती बाहुली स्टोनहेंजजवळच्या एका शेतात पुरलेली सापडल्याची बातमी आली.

१२ फेब्रुवारी, रात्र

पार्टी रॉयल लँकेस्टर हॉटेलात होती. व्हॅन दारापाशी आली. सकाळपासून वागवलेली मेंढी एकदाची बाहेर काढली आणि पाहुण्यांच्या वाटेवर टाकली. तिच्या अंगाला पाटी बांधलेली होती. तिचा मथितार्थ असा, की मी तुमच्यासाठी मेले आहे, आता सावकाश जेवा. पाहुणे वळसा घालून आत गेले आणि जेवले.

‘चिल आउट’च्या मुखपृष्ठावरच्या मेंढ्यांना दोनच वर्षं झाली होती.

१४ मे १९९२

तीन महिन्यांनी त्यांनी जाहिरात देऊन निवृत्ती जाहीर केली. नवं काही येणार नाही, आणि जुनंही बाजारातून मागे घेत आहोत. सगळी सूची रद्द. ब्रिटनमध्ये दुकानातला माल संपला की संपला. ‘ब्लॅक रूम’ अर्धवट राहिली, ती आजवर बाहेर आलेली नाही.

माझ्या मते खरी होळी ही. यात ज्वाळा दिसत नाहीत, म्हणून कुणी तिच्यावर फिल्म काढत नाही, एवढंच. बँड फुटतात ते पैशावरून, बायकांवरून, दारूवरून. आणि फुटल्यावर जुन्या गाण्यांवर जन्मभर जेवतात. केएलएफमध्ये भांडण झालंच नाही. दोघं एकत्र राहिले आणि त्यांनी बँड मारला. वर पुढच्या जेवणाची सोयही स्वतःच बंद केली. या कृत्याला टाळ्या पडल्या नाहीत खऱ्या, पण शिव्याही पडल्या नाहीत. ही त्यांची आणखी एक प्रसिद्धीची चाल असणार आणि वर्षभरात येतील परत, असं लोक धरून चालले.

२३ नोव्हेंबर १९९३, रात्रीचे अकरा वाजायला आलेले

हाती पैसा भरपूर उरला होता. त्यांनी ‘के फाउंडेशन’ काढलं आणि मोर्चा कलाविश्वाकडे वळवला. समकालीन ब्रिटिश कलेसाठीचं टर्नर पारितोषिक वीस हजार पौंडांचं होतं. यांनी वर्षातल्या सर्वांत वाईट कलाकाराला चाळीस हजार जाहीर केले, आणि नावांची यादी तीच ठेवली. रेचल व्हाइटरीडला एकाच रात्री दोन्ही मिळाली. तिने यांचे पैसे घ्यायचं नाकारलं. नाही घेतलेस तर इथेच पेटवतो, असा निरोप गेला. टेट गॅलरीच्या बाहेर गिम्पो नावाचा त्यांचा साथीदार काडेपेटीशी झटापट करत उभा असताना तिने शेवटच्या क्षणी होकार दिला, आणि सगळी रक्कम गरजू कलाकार व बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थेला देऊन टाकली.

त्याच संध्याकाळी त्यांनी पत्रकारांना गाड्यांत घालून एका मैदानात नेलं होतं आणि लाकडी चौकटीला खिळ्यांनी ठोकलेले दहा लाख पौंड दाखवले होते. बक्षिसाच्या रकमेतल्या गड्ड्या पाहुण्यांच्या हातात ठोकायला दिल्या, तर त्यातल्या काही नोटा परस्पर खिशात गेल्या. ही चौकट प्रदर्शनात मांडायला गॅलऱ्या तयार होईनात. विमा कोण काढणार? पैसा ही कलाकृती म्हणून चालत नाही आणि पैसा म्हणून बँकेत ठेवला तर तो नुसता पैसा. अशा कात्रीत दहा लाख पौंड नऊ महिने पडून राहिले.

२२ ऑगस्ट १९९४, दिवसा

एक भाड्याचं छोटं विमान जुराशेजारच्या आयला बेटाकडे निघालं. आत ड्रमंड, कॉटी, कॅमेरा घेतलेला गिम्पो, जिम रीड नावाचा पत्रकार आणि दोन सुटकेसा. आयलाहून जुराला जायला फेरी आहे. पोर्ट आस्केगला बसायचं, चिंचोळी सामुद्रधुनी ओलांडायची, फिओलिनला उतरायचं. जुरावर तेव्हा माणसं दोनशेच्या आसपास आणि हरणं हजारोंनी. बेटाच्या उत्तर टोकाला बार्नहिल नावाचं घर आहे, तिथे जॉर्ज ऑरवेलने ‘१९८४’ लिहिली. हे मात्र दक्षिणेला, आर्डफिनच्या जमिनीवरच्या त्या बोटघराकडे निघाले.

२३ ऑगस्ट १९९४, मध्यरात्रीनंतर साधारण पाऊण

सुटकेसा उघडल्या. पन्नास हजारांची एक, अशा वीस गड्ड्या. सुरुवात सुट्या नोटांनी.

बँकेची गड्डी करकचून बांधलेली असते. तशीच आगीत टाकली तर कडा काळ्या पडतात आणि आतल्या नोटा कोऱ्या राहतात. म्हणून सोडवायची, नोटा चुरगाळायच्या, मूठ मूठ टाकायच्या आणि काठीने खालीवर करायच्या. म्हणजे कामच की हे. फिल्ममध्ये दोघं शेतावरच्या मजुरांसारखे एकमेकांशी फारसं न बोलता हात चालवताना दिसतात.

पाऊण वाजून दहा मिनिटं

रीडने नंतर ‘ऑब्झर्व्हर’मध्ये जे लिहिलं त्याचा आशय असा, की एवढा पैसा जळताना बघून अपराधी वाटतं ते दहाएक मिनिटं. नंतर कंटाळा येतो.

सगळ्या घटनाक्रमात मला हे निरीक्षण सर्वांत मोलाचं वाटतं. हॅमरस्मिथला बंदूक होती, किल्ट होता, किंचाळणारी पोरं होती, म्हणून लोकांना मजा आली. इथे काहीच नव्हतं. ना मंच, ना पिवळे झगे, ना प्रवचन. बघायला दोनच माणसं आणि तीही जांभया देणारी. टाळी पडायला जागाच ठेवली नव्हती. मनासारखा प्रयोग त्यांना अखेर जमला, आणि त्याची किंमत पडली दहा लाख.

पहाटेचे पावणेतीन

आग विझत आली. नोटांपैकी काही वाऱ्याने धुराड्यातून सरळ वर उडून गेल्या. ड्रमंडच्या अंदाजाने प्रत्यक्षात जळाले ते नऊ लाखांच्या आसपास. उरलेल्यांपैकी काही अर्धवट जळक्या नोटा पुढे किनाऱ्यावर लोकांना सापडल्या.

दोन दिवसांनी

कॉटीने सगळं चित्रीकरण आणि फोटो नष्ट केले. म्हणजे त्याला तसं वाटलं. गिम्पोने एक प्रत लपवून ठेवली होती आणि दहा महिन्यांनी तसं सांगितलं.

आगीला वर्ष झालं त्या दिवशी, २३ ऑगस्ट १९९५ ला, फिल्मचा पहिला खेळ जुरावरच्याच गावकऱ्यांपुढे झाला. मग दोघं ती गावोगाव घेऊन फिरले आणि प्रत्येक खेळानंतर प्रेक्षकांनाच विचारू लागले, की आम्ही हे का केलं? उत्तरं मिळाली ती बहुतेक रागाची. इस्पितळाला का नाही दिलेत, गरिबांना का नाही? या प्रश्नाला त्यांच्याकडे धड उत्तर नव्हतं आणि त्यांनी ते असल्याचा आवही आणला नाही. नोव्हेंबरमध्ये स्कॉटलंडच्या वायव्य टोकाला, केप रॅथच्या कड्यावर, एका भाड्याच्या गाडीवर रंगाने करार लिहिला की या विषयावर आता २३ वर्षं बोलायचं नाही, आणि ती गाडी कड्यावरून ढकलून दिली. ड्रमंडला तो करार पुरता पाळता आला नाही. २००४ मध्ये बीबीसीशी बोलताना त्याने पश्चात्ताप होत असल्याचं कबूल केलं. मुलांना हे समजावणं अवघड जातं, असं तो म्हणाला.

२०१७ आणि पुढे

२३ ऑगस्ट २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर २३ मिनिटांनी लिव्हरपूलमधल्या एका पुस्तकांच्या दुकानापुढे आइस्क्रीमची गाडी येऊन थांबली. आत ड्रमंड आणि कॉटी. लोक रस्ता भरून उभे होते आणि त्यांनी अर्थातच टाळ्यांचा कडकडाट केला. गाणी मात्र झाली नाहीत. ती स्ट्रीमिंगवर परतली १ जानेवारी २०२१ ला, कसलाही गाजावाजा न करता. पुढच्या महिन्यात ‘चिल आउट’ही नव्या नावाने आला, वादग्रस्त तुकडे वगळून. एल्विस त्यात नाही.

२०१७ मध्येच ते दोघं अंत्यविधीच्या व्यवसायात उतरले. लिव्हरपूलच्या टॉक्सटेथ भागात त्यांना विटांचा पिरॅमिड बांधायचा आहे. एकूण विटा ३४,५९२, आणि प्रत्येक विटेत एका मृताची २३ ग्रॅम राख. दर वर्षी २३ नोव्हेंबरला त्या वर्षीच्या विटा रचल्या जातात. आपल्या नावाची वीट जिवंतपणीच राखून ठेवता येते. योजना जाहीर झाली तेव्हा दर ९९ पौंड होता.